झाडामुळे दर पावसाळ्यात डिशचा सिग्नल जातो? कुऱ्हाड नको, डिश सरकवा

एप्रिलमध्ये डिश बसवली तेव्हा चित्र झकास होतं. जुलै उजाडला आणि पडद्यावर चौकोन पडायला लागले, आवाज तुटायला लागला, मग "सिग्नल उपलब्ध नाही" अशी पाटी. मेकॅनिक आला, डिश हलवून गेला, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. दिवाळीनंतर जरा सुधारलं आणि फेब्रुवारीत काहीच न करता सगळं ठीक झालं. दरवर्षी हेच रडगाणं ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी नागपुरात डिश बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा जुन्या झाडांच्या वस्त्यांत ही तक्रार मला सतत भेटते. आणि लोक ज्या उपायावर येतात तो ऐकून वाईट वाटतं: "ते झाडच काढून टाकू." पंचेचाळीस अंशाच्या उन्हात ज्या कडुनिंबाखाली अख्खा लेआऊट गाड्या लावतो, तो टीव्हीसाठी तोडायचा? बहुतेक घरी त्याची गरजच नसते. नागपुरातून उपग्रह आकाशात बराच उंच दिसतो, त्यामुळे डिश काही फूट मागे घेतली तरी झाड वाटेतून बाजूला होतं. ते कसं ओळखायचं, किती सरकवायचं आणि सरकवताना सिग्नल कसा हातचा जाऊ द्यायचा नाही, ते सविस्तर सांगतो.

आधी खात्री करा की दोष झाडाचाच आहे

पाऊस आणि झाड यांत गल्लत होते, कारण दोन्ही एकाच मोसमात त्रास देतात. काळाकुट्ट ढग दाटून जोराची सर आली, टीव्ही गेला आणि सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत आपोआप परत आला, तर तो पावसाचाच परिणाम. त्यासाठी डिशला हात लावू नका. पण पाऊस थांबून अर्धा तास झाला, आभाळ फाटलं, तरी चित्र तुटतच आहे आणि पानं निथळल्यावरच ते सुधारतं, तर तिथे झाड आहे. वारा सुटला की चित्र येतं-जातं, वारा पडला की एका जागी स्थिर होतं, हे दुसरं लक्षण. माझ्या अनुभवात वाऱ्याची खूण सगळ्यात पक्की. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी उघडून ठेवा आणि खिडकीतून फांदीकडे बघा. फांदी डुलते तशी क्वालिटीची पट्टी वर-खाली होत असेल तर दुसरा पुरावा नको. मेनूत दोन पट्ट्या असतात, त्यातली क्वालिटीची बघायची. स्ट्रेंग्थची पट्टी भरलेली असूनही चित्र नसतं, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नका.

झाडाचा दोष नसताना काय दिसतं, तेही पाहा. निम्मे चॅनल ठणठणीत आणि निम्मे कायमचे गायब, असं असेल तर एलएनबी (डिशच्या दांडीच्या टोकाला बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग), केबल किंवा जोडणीत गडबड आहे. एलएनबीला बॉक्सकडून १३ आणि १८ व्होल्ट असे दोन दाब जातात आणि त्यावरून तो उभ्या किंवा आडव्या लहरी निवडतो. एक दाब नीट पोचला नाही की त्या बाजूचे सगळे चॅनल जातात. नागपूरच्या उन्हात केबलचं काळं आवरण तडकतं, एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी फुटते, आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं. टोपीला चीर दिसली तर झाडाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी एलएनबी बदला.

अवकाळी वादळानंतर, किंवा वानरं डिशवर बसून गेल्यावर चित्र एकदम गेलं आणि मग परत आलंच नाही, तर डिश फिरली आहे. साठ सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर हलली तरी तोंड जवळजवळ एक अंशाने वळतं, आणि तेवढ्याने चित्र तुटायला सुरुवात होऊ शकते.

पानं एवढी का आडवी येतात, याचं कारण साधं आहे. डीटीएचच्या लहरी साधारण १२ गिगाहर्ट्झच्या, त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पान त्याच मापाचं, शिवाय पाण्याने भरलेलं. पाणी या लहरी शोषून घेतं, त्यात पान वरून ओलं असलं की आणखीच. म्हणून नुसता वाळका सांगाडा उभा असेल तर टीव्ही चालतो आणि पालवी दाटली की बंद पडतो. इथेच आपल्याकडच्या झाडांचं वेळापत्रक घात करतं. कडुनिंब आणि पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात. गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी नुसत्या काड्यांचा असतो. साग तर मे सरेपर्यंत उघडाच. नेमकं त्याच दिवसांत बसवलेल्या डिशच्या वाटेत झाड आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये जागा निवडत असाल, तर समोरचं झाड ऑगस्टमध्ये कसं दिसतं ते डोळ्यांसमोर आणा, आणि वर दोन-तीन वर्षांची वाढही धरा.

उपग्रह नेमका कुठे आहे

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर एका जागी स्थिर दिसतात. आपण २१ अंश उत्तरेला, म्हणून आपल्यासाठी ते दक्षिणेकडे. नागपूर साधारण ७९ अंश रेखांशावर आहे आणि आपल्या सेवांचे उपग्रह त्याच्या पूर्वेला, म्हणून तोंड दक्षिणेकडून पूर्वेला झुकलेलं. किती, ते सेवेवर आहे. पुढचे आकडे नागपूरसाठी काढलेले आहेत. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांत फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल.

टाटा प्ले, उपग्रह ८३ अंश पूर्व: दक्षिणेपासून पूर्वेला ११ अंश, क्षितिजापासून उंची ६५ अंश.
डीटूएच, ८८ अंश पूर्व: पूर्वेला २३ ते २४ अंश, उंची ६३.
डीडी फ्री डिश आणि सन डायरेक्ट, ९३.५ अंश पूर्व: पूर्वेला ३५ ते ३६ अंश, उंची ६०.
डिश टीव्ही, ९५ अंश पूर्व: पूर्वेला ३८ अंश, उंची ५९.
एअरटेल, १०८.२ अंश पूर्व: पूर्वेला ५७ अंश, उंची ४९.

टाटा प्लेची डिश जवळजवळ सरळ दक्षिणेला आणि खूप वर बघते, तर एअरटेलची आग्नेयेच्याही पूर्वेला आणि बरीच खाली. म्हणजे एकाच गच्चीवर एकाला जे झाड नडतं ते दुसऱ्याला नडेलच असं नाही. शेजाऱ्याचा टीव्ही चालतो आणि आपला नाही, यामागे बरेचदा एवढंच असतं.

डिशचं तोंड बघून फसू नका

हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक गच्चीवर भेटतो. माणूस डिशच्या मागे उभा राहतो, तिचं तोंड जिकडे दिसतं तिकडे बोट करतो आणि म्हणतो, "हे बघा, समोरच झाड आहे." आपल्या घरगुती डिश अशा बनावटीच्या असतात की त्यांच्या तोंडाची दिशा आणि सिग्नलची वाट यांत साधारण २० ते २५ अंशांचा फरक असतो. सिग्नल तोंडाच्या रेषेपेक्षा बराच वरून येतो, पत्र्यावर आपटतो आणि खाली दांडीच्या टोकाला बसवलेल्या एलएनबीत जातो. ६५ अंशांवरचा उपग्रह पकडणारी डिश पाहणाऱ्याला चाळीसेक अंशांवर बघतेय असं वाटतं.

म्हणून समोर दिसणारं झाड बिचारं निर्दोष असू शकतं आणि खरी अडचण डोक्यावर आलेली एखादी फांदी असते, जिच्याकडे कोणाची मानच वर जात नाही. सज्ज्याचंही असंच. फ्लॅटच्या दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिश आत बसवली की वरच्या मजल्याचा स्लॅब वाट अडवतो. समोर मोकळं मैदान असलं तरी उपयोग नाही, डिश कठड्याच्या बाहेर काढावीच लागते.

झाड वाटेत आहे का, हे सूर्याला विचारा

वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. नागपूरसाठी त्या तारखा ११ मार्च आणि २ ऑक्टोबरच्या आसपासच्या. त्या दोन-चार दिवसांत ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातोही, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी डिशमध्ये भरतात. रोज त्याच सुमाराला, काही मिनिटांपुरता जात असेल तर तो दोष नाही, त्यासाठी कोणाला बोलावू नका. पण हीच वेळ आपल्या कामाची आहे. त्या क्षणी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात, म्हणजे डिशवर पानांची सावली पडली तर ती पानं सिग्नलच्याही वाटेत आहेत. ऊन स्वच्छ पडलं तर वाट मोकळी. याहून चोख चाचणी महागड्या यंत्रानेही होत नाही.

२ ऑक्टोबरच्या वेळा अशा: टाटा प्लेसाठी ११ वाजून ४५ मिनिटं, डीटूएचसाठी ११:२१, फ्री डिश आणि सन डायरेक्टसाठी १०:५६, डिश टीव्हीसाठी १०:४९ आणि एअरटेलसाठी ९:४९. मार्चमध्ये प्रत्येक वेळेत वीस मिनिटं मिळवा. दोन्हींपैकी मी ऑक्टोबर निवडायला सांगेन. गांधी जयंतीची सुट्टी असते, आणि मुख्य म्हणजे झाडं पूर्ण भरलेली असतात. मार्चमध्ये उघड्या फांद्यांची सावली विरळ पडते आणि आपण उगाच निर्धास्त होतो. २ तारखेला ढग असले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करा, सूर्य दिवसाला अर्ध्या अंशाहून कमी सरकतो.

ही चाचणी नुसती डिशजवळ करून थांबू नका. त्या वेळी अख्खी गच्ची फिरा आणि जिथे जिथे स्वच्छ ऊन आहे तिथे खडूने खुणा करा. त्या सगळ्या जागा चालतील. सावलीची कड जिथे संपते तिथून पुढे किमान हातभर सोडा, कारण सिग्नलची वाट म्हणजे एखादी रेघ नव्हे. डिशच्या रुंदीएवढा नळा मोकळा लागतो आणि त्याच्या कडेनेही थोडी मोकळीक हवी.

ऑक्टोबरची वाट बघायला वेळ नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूतून दोरा ओवून खाली एक नट बांधा. सरळ कड डोळ्याला लावून तिच्या रेषेत झाडाचा सगळ्यात वरचा शेंडा धरा आणि दुसऱ्याला दोरा कुठे पडतो ते वाचायला सांगा. कड आडवी असताना दोरा ९० वर असतो. वर बघाल तसा तो सरकतो, आणि ९० पासून जितका सरकला तितकी त्या शेंड्याची उंची अंशांत. टाटा प्लेसाठी ती ६५ च्या आत हवी, आणि मी तर ६० च्या आत आली तरच निश्चिंत होतो. मोबाइलमधल्या कोन दाखवणाऱ्या ॲपनेही हे जमतं. दिशेसाठी मोबाइलचं होकायंत्र चालेल. नागपुरात चुंबकीय दक्षिण आणि खरी दक्षिण यांत एक अंशाचाही फरक नाही. मात्र गच्चीवर सळया, लोखंडी स्टँड, टिनाचं शेड असतं आणि त्यांच्याजवळ होकायंत्र बेधडक खोटं बोलतं. चार पावलं इकडे-तिकडे फिरून आकडा तोच येतो का, ते बघा.

वर नाही, मागे

लोकांचा आणि बऱ्याच मेकॅनिकांचाही पहिला विचार असतो की पाइप उंच करू. गणित उलटं सांगतं. टाटा प्लेची वाट ६५ अंशांनी वर जाते, म्हणजे झाडापासून एक मीटर मागे सरकलं की दोन मीटरहून जास्त उंचीचं झाड चुकतं. तोच एक मीटर पाइपाने वर नेलात तर फक्त एक मीटर चुकतो. डीटूएचला मागचा एक मीटर जवळजवळ दोनचं काम करतो, फ्री डिश आणि सन डायरेक्टला पावणेदोनचं, डिश टीव्हीला त्याहून थोडं कमी. एअरटेलला एकास सव्वा मीटरही मिळत नाही, तिथे मागे आणि वर जवळजवळ सारखंच. उंच पाइपाचा तोटा वेगळाच. मे महिन्यातलं वादळ आलं की तो झुलतो, आणि एका अंशाच्या खेळात झुलणारा पाइप म्हणजे नवी डोकेदुखी.

प्रतापनगरातल्या एका दुमजली घराचं उदाहरण सांगतो. डिश गच्चीच्या दक्षिण कठड्याला चिकटून होती. बसवणारे हमखास तिथेच बसवतात, कारण तिकडेच तोंड करायचं असतं. शेजारच्या आवारातला कडुनिंब कठड्यापासून दोन मीटरवर, आणि त्याचा शेंडा डिशच्या पाच मीटर वर. काकू वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मी बाजूच्यांना सांगते, झाड काढून टाका म्हणून. किती वर्षं सहन करायचं?" मी म्हटलं, "काकू, जरा थांबा. आधी मोजू, मग बोलू." दोन मीटरवरून पाच मीटर वरचा शेंडा म्हणजे ६८ अंशांची उंची, डिशला ६५ अंशांवर बघायचं. वाट शेंड्याच्या थोडी खालून, पानांतून जात होती. त्याच गच्चीवर उत्तरेकडे पाण्याच्या टाकीजवळ सहा मीटर मागे जागा होती. तिथून झाड आठ मीटरवर, आणि वाट त्या अंतरावर डिशपासून सतरा मीटर उंचीवरून जाते. कडुनिंब किती वाढणार? डिश तिथे नेली. झाड उभं आहे, टीव्ही चालू आहे, आणि मे महिन्यात काकूंच्या अंगणात सावलीही आहे.

त्या घरात बघण्यासारखं म्हणजे टाकी डिशच्या मागे राहिली. मागे काहीही असू द्या, फरक पडत नाही. पुढे मात्र टाकी, जिन्याची खोली, कपडे वाळत घालायची तार, शेजाऱ्याचं शेड, सगळं बघायचं. गुलमोहरासारखं आडवं पसरणारं झाड असेल तर शेंड्याऐवजी आपल्याकडे झुकलेली फांदी मोजा, कारण जवळची फांदी बुटकी असूनही जास्त कोन करते. तिथे कधी पूर्व-पश्चिम सरकल्यानेही काम होतं, दोन झाडांच्या फटीतून वाट मिळते. ती फट पुढच्या वर्षी बुजणार नाही ना, एवढं पाहा.

गच्चीचा हट्टही धरू नका. दक्षिणेला मोकळं अंगण असेल तर डिश जमिनीवर लावली तरी चालते. तीन मीटरच्या भिंतीपासून दोन मीटर मागे उभी केली तर ६५ अंशांची वाट भिंतीवरून सहज निघते. फक्त मुलांचा चेंडू आणि गाई-ढोरं यांपासून जपावी लागते.

सरकवताना सिग्नल हरवू नये म्हणून

एकाच गच्चीवर डिश सरकवली तर उंचीचा कोन, दिशा आणि एलएनबीचा फिरवलेला कोन, तिन्ही तेच राहतात. हे नीट समजलं की निम्मं काम संपलं. ब्रॅकेटच्या बाजूला अंशांच्या खुणा असतात, तिथे मार्करने आडवी रेघ मारा आणि उंचीचा बोल्ट सैल करूच नका. एलएनबीच्या पट्ट्यावरही रेघ मारा, तोही फिरवायचा नाही. दिशेसाठी, जुन्या जागेवर असतानाच डिशच्या मागे उभं राहून दांडीच्या रेषेत दूरवर काय येतं ते बघा. मोबाइल टॉवर, जलकुंभ, उंच इमारत, काहीही चालेल, पण किलोमीटरभर तरी लांब हवं. नव्या जागेवरून दांडी त्याच खुणेवर धरली की दिशा अर्ध्या अंशाच्या आत येते. फोटो काढून ठेवा, वर उन्हात आठवत नाही.

नवा पाइप स्लॅबला किंवा भिंतीला चांगल्या फास्टनरने पक्का करा आणि ओळंबा लावून दोन बाजूंनी सरळ उभा आहे का ते तपासा. पाइप तिरका असेल तर ब्रॅकेटवर जपून ठेवलेला कोन फुकट जातो. पुष्कळ ठिकाणी डिश लागत नाही म्हणून तासन्‌तास झगडतात आणि दोष निघतो वाकड्या पाइपात.

मग एक जण खाली टीव्हीसमोर आणि एक वर. आता फोनवर व्हिडिओ कॉल लावता येतो, ओरडायची गरज नाही. डिश डावीकडे-उजवीकडे अगदी केसभर हलवा आणि तीन-चार सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, सरसर फिरवलीत तर बरोबर जागेवरूनही पुढे निघून जाल. क्वालिटी चढते आणि उतरते, त्या दोन्ही टोकांच्या मधोमध डिश ठेवा. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते. शेवटी पुन्हा एकदा क्वालिटी बघा.

बाजारातला स्वस्त सॅटफाइंडर, म्हणजे सिग्नल शोधायचा छोटा मीटर, कोणत्याही उपग्रहावर पीं-पीं करतो. फ्री डिशचा ९३.५ आणि डिश टीव्हीचा ९५, यांत दीड अंशाचं अंतर आहे, त्यामुळे मीटर वाजला पण चित्र नाही, असं हमखास होतं. शेवटचा निकाल बॉक्सच्या क्वालिटीवरच.

केबल लांबवायची असेल तर मध्ये जोड देण्यापेक्षा आरजी-६ प्रकारची एकसंध नवी केबल टाका. घरगुती वापरात तीस मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही. एलएनबीजवळ केबलला खाली झोकणारा वळसा द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून टपकतं. कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप.

एक गोष्ट मनापासून सांगतो: विजेच्या तारा गच्चीला लागून जात असतील तर लोखंडी पाइप हातात घेऊन स्वतः काम करू नका. पावसात, ओल्या कठड्यावर तर नाहीच. तारा जवळ असतील तर आधी वीज कंपनीला कळवा.

मोठ्या डिशने झाड पार होत नाही

साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने वाढतो. पावसाच्या सरीत त्याने फायदा होतो, चित्र उशिरा जातं आणि लवकर परत येतं. पण दाट ओल्या पालवीत सिग्नल याच्या कित्येक पट खर्ची पडतो. शिवाय मोठ्या डिशचं तोंड जास्त काटेकोर लावावं लागतं आणि वारा तिला जास्त धरतो. झाडासाठी मोठी डिश विकत घेऊ नका. एलएनबी "जास्त पॉवरचा" म्हणून बदलून देणाऱ्याचंही ऐकू नका, जो सिग्नल डिशपर्यंत पोचलाच नाही तो एलएनबी कुठून आणणार?

एवढं करूनही जागा मिळाली नाही तर

छोटा प्लॉट, तिन्ही बाजूंनी झाडं, अशी घरं असतात. तिथे शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्या गच्चीवर पाइप लावता येतो का ते विचारा. केबल दोन घरांच्या मधून नेता येते, आणि आपल्याकडे अशा गोष्टींना माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. फांदीच छाटावी लागणार असेल तर ती नेमकी कोणती, हे कोनमापकाने ठरवा. बरेचदा एकच फांदी वाटेत असते. मात्र स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी आपल्या मर्जीने कुऱ्हाड चालवता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ शहरात लागू आहे आणि झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडाला इजा करणं, जाळणं हेही त्यात तोडण्यासारखंच धरलं जातं. छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या आणि पावसाळ्याआधी द्या, ऐन जुलैत धावपळ करून उपयोग नाही. बुंध्याला खिळे ठोकून किंवा मुळाशी काही ओतून झाड वाळवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आणि अगदीच काही जमलं नाही तर सेवा बदलण्याचा विचार करा. पण आधी वरच्या आकड्यांनी दुसऱ्या उपग्रहाची वाट मोजा. घराच्या आग्नेयेला झाडांची रांग असेल आणि एअरटेलचं चित्र तुटत असेल, तर जवळजवळ दक्षिणेला ६५ अंशांवर बघणारी टाटा प्लेची डिश त्याच कठड्यावर मोकळी निघू शकते. दक्षिणेला कडुनिंब आणि पूर्वेकडे रस्ता असेल तर याच्या उलट. नवं कनेक्शन घेण्याआधी बसवायला येणाऱ्याला गच्चीवर नेऊन त्या दिशेला, त्या कोनात, झाडाचा शेंडा स्वतः दाखवा आणि "इथून लागेल का" हे पैसे देण्याआधी विचारा.